मेलेआनेची दोन बोटं

टोंगाच्या राजधानीत, नुकुआलोफात, रविवारी दुपारी काही घडत नाही. घडू द्यायचंच नसतं. दुकानं बंद, धक्का बंद, शेतात कुणी कुदळीला हात लावत नाही, आणि चुकून कुणी समुद्रात डुबकी मारली तर शेजारीपाजारी आठवडाभर त्याच्याकडे बघून मान हलवतात. सकाळची प्रार्थना व्हायची, मग जमिनीत पुरलेल्या भट्टीतून जेवण निघायचं, आणि ते पोटात गेलं की सगळं गाव आडवं व्हायचं ते थेट संध्याकाळच्या घंटेपर्यंत. तानिएलाही नुकताच आडवा झाला होता. अळूच्या पानात नारळाच्या दुधासकट शिजलेलं मांस त्याने जरा जास्तच खाल्लं होतं.

घराच्या पुढच्या खोलीत त्याचं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान होतं. काम तो ऑकलंडमध्ये शिकला होता आणि परत येताना हत्यारांबरोबर एक मतही घेऊन आला होता: जगातल्या निम्म्या अडचणी सैल जोडणीमुळे येतात आणि उरलेल्या निम्म्या नातेवाइकांमुळे. दारावर थाप पडली तेव्हा ही दुसऱ्या प्रकारची अडचण आहे हे त्याने उठायच्या आधीच ओळखलं.

दारात मेलेआने उभी होती. त्याची आतेबहीण. टोंगात आत्या म्हणजे घरातली सगळ्यात वरची, आणि आत्याची मुलं त्या मानाची वारसदार. आतेबहिणीने अंगावरचा सदरा मागितला तरी तो काढून द्यायचा आणि वर विचारायचं की बटणं नीट आहेत ना. तिच्या काखेत टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"झोपला होतास?"

"छे. छप्पर खाली येतंय का ते बघत होतो. ये ना, ताई."

"आईचा लॅपटॉप आहे. आज दुरुस्त करायचा."

"आज? ताई, आज रविवार..."

"वार मला कळतात. चर्चमध्ये तुझ्या पुढच्या बाकावर बसते मी."

"शेजारी कारभारी राहतो चर्चचा. स्क्रू फिरला तरी त्याला झोपेत ऐकू येतं."

"मग हळू फिरव," मेलेआने म्हणाली आणि आत आली.

तिने टॉवेल सोडला, लॅपटॉप टेबलावर ठेवला, आणि मग डाव्या हाताने उजवा हात उचलून त्याच्या शेजारी ठेवला. ताट सरकवावं तसा. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्ही आत वळून राहिली होती. तानिएलाने हळूच टाचणी टोचून पाहिली. मेलेआनेला कळलंही नाही. ती खिडकीकडे बघत होती.

आत्या जाऊन काही वर्षं झाली होती. लोसालिने तिचं नाव. शाळेत मुख्याध्यापिका होती, आणि सगळं याच लॅपटॉपवर टाइप करायची, दहा बोटांनी, पडद्याकडे न बघता. तिच्यामागे तो कपाटात पडून होता. या वर्षी मेलेआनेने फोटो बघायला म्हणून तो काढला, तर काही बटणं चालेनात. त्याच आठवड्यात तिची बोटं बधिर व्हायला लागली. इस्पितळात तपासण्या झाल्या, गोळ्या झाल्या, मानेचे एक्स-रे झाले. बोटं काही उठली नाहीत.

"कुठली बटणं?" तानिएलाने विचारलं.

तिने डाव्या हाताने दाखवली. पी, ओ, एल आणि त्यांच्या वरची-खालची. उजवीकडचा एक सलग पट्टा. शिकलेला माणूस टाइप करतो तेव्हा उजव्या हाताची शेवटची दोन बोटं जिथे पडतात, नेमका तेवढाच.

हे तानिएलाला आवडलं नाही. कीबोर्डची रिबन केबल, म्हणजे आतली चपटी पट्टी, खराब झाली की अक्षरं मरतात, पण ती अशी शेजारी शेजारी मरत नाहीत. एक रेघ तुटली की इथलं एक, तिथलं एक, मधलं भलतंच, अशी विखरून जातात. बोटांचा हिशेब केबलला ठाऊक नसतो. त्याने बाहेरचा कीबोर्ड आणून जोडला. सगळी अक्षरं उमटली.

"झालं. हा घेऊन जा आणि फोटो बघ. उद्या येतो मी चहाला."

"फोटो नकोत मला. आईचा कीबोर्ड चालायला हवा. आजच."

"आजच का पण?"

"किटिओने काका उद्या पहाटे आईची कबर उघडणार आहेत."

मेलेल्याच्या हाडांना काही टोचलं की घरातल्या जिवंत माणसाला तिथेच दुखतं, हे त्या बेटावर कुणाला सांगावं लागत नाही. मग म्हातारे कबर उघडतात, हाडात शिरलेलं मूळ काढतात, हाडं तेलाने पुसतात आणि होती तशी परत लावतात. त्याने लहानपणी एकदा ते पाहिलंही होतं. आजोबांच्या कवटीतून मूळ निघालं आणि दुसऱ्या दिवशी चुलत्याची डोकेदुखी गेली. ऑकलंडहून आल्यावर ती डोकेदुखी तशीही जाणारच होती असं त्याने ठरवून टाकलं होतं.

"काका म्हणतात, आईच्या हातात मूळ शिरलंय," मेलेआने म्हणाली. "शिरलं असेल. पण तिला उकरू देणार नाही मी, तानी. जन्मभर ती कुणाच्या ना कुणाच्या हाकेला उठत आली. आता तरी झोपू दे."

"आणि लॅपटॉपने काय होणार?"

"माहीत नाही. तिचा हात जमिनीत आहे तेवढाच यातही आहे, असं मला वाटतं. हस हवं तर."

तानिएला हसला नाही. मेलेआनेच्या लेकीचं लग्न दोन महिन्यांवर आलं होतं, आणि तिच्यासाठी विणायला घेतलेली, लग्नात कमरेला गुंडाळायची बारीक विणीची चटई अर्धीच होती. अशी चटई मायलेकींच्या हातूनच व्हावी असं मानतात. मेलेआनेसारखी वीण त्या भागात कुणाची नव्हती, आणि गेल्या महिन्यापासून ती विणायच्या घरात नुसती बसून इतर बायकांना पानांचे पट्टे फाडून देत होती. हे त्याला ठाऊक होतं. त्याला तिचं वाईट वाटत होतं, आणि नाही म्हणायची त्याला मुभाही नव्हती.

त्याने खिडक्या लावून घेतल्या. खोली तापली. बाहेर भट्ट्यांचा विझता धूर होता आणि कुठेतरी कुणीतरी झोपेत खोकत होतं. एवढी शांतता की पंख्याच्या पात्याला बसलेली धूळसुद्धा ऐकू यावी.

लॅपटॉप उलटा करून त्याने स्क्रू काढले, तळाचं झाकण अलगद सोडवलं आणि सगळ्यांत आधी बॅटरीची जोडणी काढली. मेलेआने वाकून बघत होती. आत तीन चपट्या पट्ट्या बोर्डाकडे जात होत्या.

"यातली कीबोर्डची कुठली?"

"सगळ्यांत रुंद आहे ती. एवढी बटणं म्हणजे एवढ्या रेघा लागणारच. ही अरुंद आहे ती खालच्या माउसपट्टीची. आणि ही चिंचोळी दिव्याची. पण रुंदीवर जायचं नाही. निघते कुठून ते बघायचं. पट्टीवर बोट ठेवून मागे मागे जायचं, कीबोर्डच्या पाठीला पोचलीस की समजायचं हीच."

"आणि चुकीची ओढली तर?"

"मग मी तुला सांगतो की आधीपासूनच बिघडली होती."

मेलेआने पहिल्यांदा हसली. तानिएलाने भिंग डोळ्याला लावलं. रुंद पट्टीचं टोक बोर्डावरच्या काळ्या खटक्याखाली दबलं होतं. तो खटका नखाने, जोर न लावता, वर उचलायचा; मग पट्टीला निळी शेपटी असते ती धरून सरळ मागे घ्यायचं. वाकवायचं नाही, तिरकं ओढायचं नाही, सोनेरी टोकांना बोट लावायचं नाही. हे त्याने हजार वेळा केलं असेल. खटका उचलला आणि त्याचा हात थांबला.

खटक्याखाली पांढरं काहीतरी होतं. त्याला वाटलं, कोळ्याचं जाळं. मग भिंगातून नीट दिसलं. मूळ होतं ते. केसाएवढं बारीक, टोकाला ओलं, जिवंत. दोन सोनेरी रेघांच्या मधून ते पट्टीच्या आत शिरलं होतं.

खोलीत वास आला. ओल्या प्रवाळी वाळूचा, आणि चंदन घातलेल्या खोबरेल तेलाचा. ते तेल तिथे मेलेल्या माणसाला चोळतात. मेलेआनेलाही वास आला असणार, कारण तिने श्वास रोखला.

"दमट हवा आहे," तानिएला म्हणाला. "कपाटात पडून होता. एखादं बी गेलं असेल आत..."

"काढ."

त्याने चिमट्याने टोक धरलं आणि ओढलं. मूळ आलं. आणखी आलं. येतच राहिलं. लॅपटॉपच्या लांबीच्या कितीतरी पट मूळ टेबलावर गोळा झालं, आणि पट्टीतून अजून येतच होतं. कापायला त्याने कात्री घेतली तेव्हा मेलेआनेने डाव्या हाताने त्याचं मनगट धरलं.

"नको... कापू नकोस. येऊ दे सगळं." तिचे डोळे मिटलेले होते. "दुखतंय, तानी. किती दिवसांनी दुखतंय..."

शेवटी ते सुटलं. त्याबरोबर पट्टीचे दोन पापुद्रे उकलले आणि आतल्या रेघा कुरतडल्यासारख्या दिसल्या. रिबन केबल सांधता येत नाही. शिवाय ती कीबोर्डच्या पाठीतूनच निघालेली असते; ती गेली की कीबोर्ड गेला. त्याने हे सांगितलं तेव्हा मेलेआनेचा चेहरा असा उतरला की त्याला तिच्याकडे बघवेना. तिची बोटं अजून आत वळलेलीच होती.

मागच्या फळीवर त्याच बनावटीचा एक मेलेला लॅपटॉप होता. बोर्ड जळलेला, पडदा फुटलेला, पण कीबोर्ड धडधाकट. तानिएलाने तो खाली घेतला.

"कुणाचा होता?" मेलेआनेने विचारलं.

"भंगारातला आहे. धक्क्यावरून पोतंभर माल घेतला होता."

"पोतं कुणाचं नसेल. यातली वस्तू कुणाची तरी असेल."

"ताई, कीबोर्ड आहे. हाड नाही."

कबर उघडणाऱ्यांचा एक नियम असतो, आणि तो तिथल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतो: एकाचं हाड दुसऱ्याजवळ ठेवायचं नाही. तानिएलालाही तो पाठ होता. या टेबलाशी त्या नियमाचा काही संबंध आहे असं मात्र त्याच्या डोक्यात आलं नाही. मेलेआनेच्या डोक्यात आलं असावं. पण उद्याची पहाट तिच्या मानेवर बसली होती. तिने लॅपटॉप त्याच्याकडे सरकवला.

त्याने जुना कीबोर्ड काढून तिच्या टॉवेलात ठेवला. नवा बसवला. त्याची रुंद पट्टी खटक्याखाली सरळ सरकवली, तिच्यावरची पांढरी रेघ कडेशी जुळली तेव्हा खटका दाबला. बॅटरी जोडली. पडदा लागला. तो एकेक बटण दाबून बघू लागला. डावीकडची उमटली, मधली उमटली. मग त्याने पी दाबला.

टेबलावर पडलेली मेलेआनेची करंगळी हलली.

त्याने एल दाबला. शेजारचं बोट हललं. तिसऱ्यांदा दाबताना त्याने तिच्या हाताकडे बघितलं नाही. पडद्यावर अक्षरं बरोबर येत होती आणि तो पडद्याकडेच बघत राहिला.

"तानी," मेलेआने कुजबुजली. तिने उजव्या हाताची मूठ वळली, उघडली, पुन्हा वळली. मग तोंडात पदर कोंबावा तसा टॉवेलाचा कोपरा कोंबून ती रडली, कारण शेजारी कारभारी झोपला होता.

जाताना तिने जुना कीबोर्ड नेला. आईच्या कबरीच्या ढिगाऱ्यावरचे काळे गोटे बाजूला करून तिने तो तिथे पुरला. ते मूळ मात्र दोघांनाही टेबलावर सापडलं नाही.

सोमवारी पहाटे कबर उघडली नाही. किटिओने काका कुदळ घेऊन आले होते, ते ओसरीतच बसले. त्यांनी मेलेआनेचा हात हातात घेतला, उलटासुलटा केला, नाकाशी नेला.

"हात बरा आहे," ते म्हणाले. एवढंच. मेलेआनेने त्यांच्यापुढे ब्रेड आणि चहा ठेवला. म्हाताऱ्याने ताट हळूच मागे सारलं आणि तिच्या लेकीला हाक मारली. "पोरी, तू वाढ. हिच्या हातचं नको." तिथे मेलेल्याला हात लावणाऱ्याच्या हातचं कुणी खात नाही. मेलेआनेला राग आला. तिने तो राग तानिएलाजवळ पुष्कळ बोलून दाखवला, आणि तानिएलाने म्हातारपणाला औषध नाही असं म्हणून विषय मिटवला.

पुढे चटई झरझर होऊ लागली. बायका येऊन वीण बघून जात. बोटं पूर्वीपेक्षा चपळ झाली होती. इतकी की मेलेआने गप्पा मारत असली तरी ती थांबत नसत. मग एके दिवशी तिच्या लेकीने हसत विचारलं की आई, हे काय करतेस, आणि मेलेआनेने खाली पाहिलं. उजव्या हाताने पानाचे पट्टे एकमेकांना पीळ देऊन त्यांची दोरी वळली होती. चांगली वावभर, पसरलेल्या दोन हातांएवढी. तिला गाठ मारलेली होती. मेलेआनेला त्या गाठीचं नावही ठाऊक नव्हतं.

पावसाळी नव्हे, चांगल्या लख्ख उन्हाच्या दुपारी ती दुकानात आली. काखेत लॅपटॉप होता. गिऱ्हाइकं जाईपर्यंत बसून राहिली.

"हात कसा आहे, ताई?"

"हात उत्तम आहे. माझा नाहीये."

तानिएला हातातलं काम करत राहिला.

"सकाळी उठते तेव्हा ओला असतो," ती म्हणाली. "बाकी अंग कोरडं. तळहात चाटून बघितला मी... खारट."

"घाम येतो या दिवसांत."

"घाम मला ओळखू येतो. आणि आता हे एक सुरू झालंय." तिने हात टेबलावर ठेवला. दोघं बघत राहिले. काही वेळ काही झालं नाही. मग शेवटची दोन बोटं घट्ट मिटली, जणू त्यांच्याभोवती काही गुंडाळलेलं होतं, आणि हाताने खाली हिसका दिला. पुन्हा दिला. आणखी एकदा. मग बोटं सैल पडली.

"कितीदा होतं हे?"

"दिवसातून कितीतरी वेळा. दर वेळी तेवढंच. हिसके, मग थांबणं. पुन्हा हिसके. कुणीतरी दार वाजवावं आणि आत कुणी आहे का म्हणून कान द्यावा, तसं." तिने त्याच्याकडे बघितलं. "तो कीबोर्ड कुणाचा होता, तानी?"

त्याने धक्क्यावर जाऊन विचारलं. पोतं विकणाऱ्याला आठवायला वेळ लागला नाही, उलट तो विषय टाळू लागला. पोतं हापाईहून, उत्तरेकडच्या बेटांवरून, आलं होतं. त्यातला तो लॅपटॉप मानासे नावाच्या माणसाचा. मानासे समुद्रतळावरचे समुद्रकाकडी नावाचे प्राणी काढणारा पाणबुड्या. तिथे ते काम करणाऱ्यांपैकी पुष्कळ जण मरतात, आणि हाही मेला. फरक एवढाच की तो सापडला नाही. कबर नाही. त्याची आई लुइसा अजून कुणाला त्याच्या नावाने प्रार्थना करू देत नाही. चुलत्याने तिच्या नकळत त्याच्या वस्तू पोत्यात भरून विकल्या होत्या.

तानिएला घरी आला तो चालत, बस सोडून. ऑकलंडहून आणलेलं मत त्याला वाटेत कुठे सापडेना.

मेलेआनेला त्याने सगळं सांगितलं.

"काढून टाक," ती म्हणाली.

"काढला तर बोटं..."

"जातील. कळतंय मला. पण परक्याचा हात घेऊन लेकीच्या लग्नात वावरणार नाही मी. त्याच्या आईने अजून त्याला निरोप दिला नाही, आणि मी त्याच्या हाताने चटया विणू?" तिचा आवाज फुटला. "उरलेली चटई बायका विणतील. विणतील कशीबशी."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो कामाला बसला. मेलेआने समोर. स्क्रू निघाले, झाकण निघालं. बॅटरीची जोडणी काढून त्याने रुंद पट्टीवर बोट ठेवलं, मागे मागे जाऊन खात्री केली, गरज नसताना. मग नख खटक्याखाली घातलं. मेलेआनेने चटईकडे शेवटचं बघावं तसं आपल्या हाताकडे बघितलं.

दार उघडलं. एक बुटकी, काळे कपडे घातलेली म्हातारी आत आली; कमरेला, तिथे परक्याच्या घरी जाताना मानाने गुंडाळतात तशी, जुनी फाटकी चटई गुंडाळलेली, पायांवर बोटीच्या डेकची गंजकी धूळ. हापाईची बोट सकाळीच लागली होती. तानिएलाने धक्क्यावर नुसता प्रश्न विचारला होता आणि विणणाऱ्या बायकांनी मेलेआनेचा हात नुसता बघितला होता, पण दोन बेटांमध्ये बातमीला तिकीट लागत नाही.

"मी लुइसा," ती म्हणाली. "मानासेची आई. खटका उचलू नकोस, बाळा."

तानिएलाने नख काढून घेतलं. म्हातारी मेलेआनेशेजारी बसली. तिने काही विचारलं नाही, फक्त त्या हाताकडे बघत राहिली. हात शांत होता. पंख्याचा आवाज येत होता. मग दोन बोटं मिटली आणि हिसके आले.

लुइसाने तोंडावर हात ठेवला.

"असा दोर धरायचा तो," ती हळू म्हणाली. "शेवटच्या दोन बोटांना वेढा देऊन. म्हणजे बाकीची बोटं तळ चाचपायला मोकळी. मी शंभरदा सांगितलं, मनगटाला बांध. ऐकेल तर शपथ."

"आणि हे हिसके?" मेलेआनेने विचारलं.

"वर ओढा." म्हातारीचा आवाज अगदी सरळ होता. "नावेत बसलेल्याला खूण असते ती. मला वर ओढा. नाववाल्याला त्या दिवशी डुलकी लागली होती. जागा झाला तेव्हा त्याने ओढलं... पण दोर रिकामा आला."

हाताने पुन्हा हिसके दिले.

"म्हणजे हा अजून..." मेलेआनेला पुढे बोलवेना.

"अजून ओढतोय. मी म्हणतच होते सगळ्यांना." लुइसाने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "पोरी, तुझा हात आहे. तुझी लेक आहे, लग्न आहे, सगळं ऐकलं मी बोटीवर. काढून टाकायचं म्हणालीस तर मी उठून जाईन. पण हा खटका उचलला की त्याच्या हातातला दोर सुटेल. एकदा सुटलाय."

मेलेआने रडत होती. तिने तानिएलाकडे बघितलं. सल्ला मागावा असं तिच्या नजरेत काही नव्हतं; आतेबहीण भावाकडे जशी बघते तशीच ती बघत होती, आणि त्याला समजलं की लॅपटॉपचं झाकण आता बंद करायचं आहे. त्याने बॅटरी जोडली आणि ते बंद केलं.

"काय करायचं, आई?" मेलेआनेने म्हातारीला विचारलं.

"उत्तर द्यायचं. एक हिसका. म्हणजे, कळलं, धरून राहा."

लुइसाने दोन्ही हातांनी तिचा उजवा हात धरला आणि स्वतःकडे एकदाच ओढला.

हात थिजला. इतका वेळ त्यात जी चुळबुळ होती ती सगळी थांबली. आणि मग हिसके सुटले, पाठोपाठ, मध्ये उसंत न घेता, पाण्याखाली वेडा झालेला माणूस देईल तसे. लुइसा ओरडली नाही. ती जमिनीवर पाय रोवून बसली, मेलेआनेच्या मुठीपुढची हवा तिने पकडली आणि ओढू लागली. एका हातामागून दुसरा हात. तिच्या मुठींत काहीही नव्हतं. पण तिच्या दंडांच्या शिरा ताठल्या होत्या, आणि मेलेआनेची बाही खांद्यापासून मनगटाकडे भिजत चालली होती.

तानिएला भ्यालेला होता. एवढा भ्यालेला तो आयुष्यात कधी नव्हता. तरी त्याने उठून मेलेआनेला मागून धरलं, कारण ती खुर्चीसकट पुढे सरकत होती.

"येतोय," लुइसा पुटपुटत होती. "येतोय माझा राजा... जड आहे, जड आहे. पाणी प्यायलाय..."

"तानी," मेलेआने म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक होता की त्याला तो तिच्या पाठीतून ऐकू आला. "तानी... हा एकटा येत नाहीये."

लुइसाने ते ऐकलं. तिने ओढणं थांबवलं नाही.